गाळातला बर्फ : पुण्यातले सहा दिवस

दिवस पहिला

भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे दापोलीहून पुण्याची एसटी धरली. पिशवीत ताईसाठी घरचे अनारसे आणि आमसुलं होती. डोक्यात एक प्रश्न होता.

प्रश्न माझा नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी आठवीच्या वर्गात हिमयुग शिकवत होते, तेव्हा एक मुलगी उभी राहिली. तिच्या वडिलांची होडी हर्णै बंदरात असते. म्हणाली, "बाई, तो बर्फ वितळून गेला ना? मग तो होता आणि अमुक वेळी गेला, हे कुणाला कसं कळलं? वितळलेल्याचं काही मागे राहतं का?" मी पुस्तकातला एक परिच्छेद वाचून दाखवला आणि घंटा झाली. तो परिच्छेद म्हणजे उत्तर नव्हतं, हे तिलाही कळलं आणि मलाही. बावीस वर्षं भूगोल शिकवते आहे, आणि हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता.

ताईची मुलगी गेली चार वर्षं पुण्यात एका प्रयोगशाळेत दक्षिण महासागराच्या तळाचा गाळ तपासते. तिला रात्री फोन केला. ती म्हणाली, "मावशी, सुट्टीत ये. फोनवर सांगून नाही कळायचं, दाखवते."

माणगाव सोडून गाडी ताम्हिणीला लागली. पावसाळ्यातले धबधबे आता दोरीएवढे उरले होते, पण कातळ अजून पाझरत होता. घाटातले हे दगडाचे थर मी मुलांना दर वर्षी दाखवते. या वेळी मनात वेगळाच हिशेब चालू होता. हा काळा दगड लाव्हा होऊन वाहत होता त्याला साडेसहा कोटी वर्षं होऊन गेली. अंटार्क्टिकावर मोठी हिमचादर बसली ती सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे आपला सह्याद्री तिथल्या बर्फाच्या जवळजवळ दुप्पट वयाचा! इथे लाव्हा थंड होत होता तेव्हा तिथे जंगलं होती.

चांदणी चौकात उतरले, भावोजी न्यायला आले होते. कोथरूडला घरी पोहोचून हातपाय धुतले, तोवर भाचीही आली. चहाचा कप हातात घेऊनच तिने सुरुवात केली.

"बर्फाचा इतिहास आधी बर्फातच शोधावासा वाटतो. तसा तो शोधलाही आहे. अंटार्क्टिकाच्या पोटातून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यात, म्हणजे खोल भोक पाडून काढलेल्या लांब कांबीत, ८ लाख वर्षांची सलग हवा अडकलेली मिळाली, आणि २०२५ मध्ये तर १२ लाख वर्षांपर्यंत पोहोचलो. पण तो बर्फ कुठला? जो कधी वितळला नाही तो. जिथला बर्फ गेला तिथली वहीच गेली. आणि आपल्याला विचारायचंय नेमकं गेलेल्या बर्फाबद्दल."

"मग ते कुठे लिहिलेलं असतं?"

"समुद्राच्या तळाशी. बर्फ जाताना जे टाकून गेला त्यात."

दिवस दुसरा

स्कूटरवरून जाताना गार वारं कानाला लागत होतं. वेताळ टेकडी अजून हिरवी होती. वाटेत आघारकर संशोधन संस्थेची पाटी दिसली. शं. पु. आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि १९४६ साली त्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात विज्ञानवृद्धीसाठी जी संस्था निघाली तिला १९९२ पासून त्यांचं नाव आहे. आमच्या शाळेतल्या मुलांना हे नाव माहीत नाही, ते मी वहीत टिपून घेतलं.

भाचीच्या प्रयोगशाळेत शिरताना माझ्या डोळ्यांपुढे मोठमोठे गाभे होते. तिने शीतकपाटातून काढली ती पारदर्शक पिशवी, आवळासुपारीच्या पुडीएवढी. आत राखाडी-हिरवट चिखल, दोन चमचे. पिशवीवर शाईने आकडे: कुठली मोहीम, कुठली जागा, कितवा गाभा, कितवा तुकडा, किती सेंटिमीटर. "एवढंच मिळतं," ती म्हणाली, "आणि ते मागायला अर्ज करावा लागतो."

मग तिने गाभा निघतो कसा ते सांगितलं. जहाज एका जागी लाटांवर तोलून धरायचं. खाली तीन-चार किलोमीटर पाणी. तेवढी लांब नळी एकेक तुकडा जोडत सोडायची आणि टोकाची साडेनऊ मीटरची पोकळ नळी पाण्याच्या दाबाने गाळात घुसवायची. ती वर आली की आतला गाळ दीड-दीड मीटरचे तुकडे करून उभा चिरायचा, शेवग्याच्या शेंगेसारखा. एक फाक जपून ठेवायची, तिला सहसा हात लावायचा नाही. दुसऱ्या फाकेतून जगभरच्या अभ्यासकांना दोन-दोन चमचे वाटायचे. हे गाभे तीन ठिकाणी ठेवलेले आहेत: जर्मनीत ब्रेमेन, अमेरिकेत टेक्सास आणि जपानमध्ये कोची. केरळातलं कोची नव्हे, त्याच नावाचं जपानी शहर. हिंदी महासागराचे गाभे तिथे असतात आणि अंटार्क्टिकाजवळचे टेक्सासला.

"आणि हे जहाज?" मी भिंतीवरच्या छायाचित्राकडे बोट केलं. मधोमध उंच मनोरा असलेलं जहाज होतं.

"जॉइडेस रिझोल्यूशन. १९८५ पासून हे काम करत होतं. २०१५ मध्ये आपल्या अरबी समुद्रातही येऊन गेलं. २०२४ मध्ये थांबवलं. पुढचा निधी नाही मिळाला." ती थोडा वेळ गप्प राहिली. आमच्याकडे एखादी जुनी होडी कायमची किनाऱ्यावर ओढली की घरातली माणसं अशीच गप्प होतात. चाळीसेक वर्षांत त्या जहाजाने जे वर काढलं त्यावर जगातली कितीतरी मुलं अजून काम करत आहेत, आणि अमेरिकेने त्याच्या जागी तसं दुसरं जहाज आणलेलं नाही. मला हे मनापासून लागलं.

दुपारी तिने संगणकावर गाभ्यांची छायाचित्रं एकाखाली एक लावली आणि मला गाळ वाचायला शिकवलं.

पहिला गाळ पाहून मला वाटलं, हा रस्त्याच्या कामावरचा ढीग आहे. खडे, वाळू, चिकणमाती सगळं एकत्र, कसलीच निवड नाही. पाणी गाळ आणतं तेव्हा जड आधी टाकतं, हलकं नंतर, हे आम्ही मुलांना नदीच्या धड्यात शिकवतो. इथे तसं काहीच नाही. कारण हे पाण्याने आणलेलंच नव्हे. यावर बर्फ बसला होता, शेकडो मीटर जाडीचा, आणि त्याने खालचा खडक भरडत, ढकलत आणून इथे दाबला.

दुसरा गाळ मऊ, बारीक, आणि त्यात मध्येच एखादा दगड. तिने क्ष-किरणाची पट्टी उघडली. राखाडी पट्ट्यांवर एक काळा ठिपका होता, सुपारीएवढा. त्याच्या खालचे थर वाकले होते, गादीवर कुणी बसल्यावर ती दबते तसे. वरचे थर मात्र त्याच्यावरून सरळ गेले होते. म्हणजे दगड वरून पडला, मऊ तळात रुतला आणि मग त्याच्यावर संथपणे माती साचत राहिली. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, खोल समुद्रात, वरून दगड टाकणार कोण? नदी नाही, वारा नाही. हिमनगच. पोटात दगड घेऊन तरंगत आला आणि वितळता वितळता सोडून गेला. तो एक ठिपका मी कितीतरी वेळ बघत राहिले.

तिसरा गाळ फिकट, जवळजवळ पांढरट. यात दगड नाही, वाळू नाही. हे सगळे डायटम, काचेच्या कवचाचे एकपेशी जीव. त्यांना जगायला ऊन लागतं. म्हणून ते साचले त्या काळात इथे वर बर्फाचं छप्पर नव्हतं, मोकळं पाणी होतं.

"आता बघ," म्हणून तिने अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्राकडचा एक लांबच लांब गाभा दाखवला. २००६-०७ च्या उन्हाळ्यात तरंगत्या बर्फाला भोक पाडून १,२८५ मीटरपर्यंत खणून काढलेला, ॲन्ड्रिल नावाच्या प्रकल्पातला. त्यात भरड गाळ, मग डायटमचा पांढरा थर, पुन्हा भरड, पुन्हा पांढरा, असं कितीदा तरी. बर्फ आला, गेला, परत आला, परत गेला. ५० ते ३० लाख वर्षांपूर्वीच्या काळात ही ये-जा साधारण ४० हजार वर्षांच्या तालावर चालली होती. पृथ्वीचा आस कमी-जास्त कलतो त्याचा ताल हाच. तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्या आसपास होता, आणि पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ पुनःपुन्हा कोसळत होता.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला मिळालं होतं. वितळलेल्याचं मागे राहतं, दगड आणि काच.

दिवस तिसरा

भाचीला ज्यांनी एमएस्सीला शिकवलं ते सर प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत राहतात, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. घरात सगळीकडे पुस्तकं, आणि ओसरीवर सूप टांगलेलं. मी सूप बघते आहे हे पाहून त्यांनी तेच खाली काढलं.

"पाखडता येतं ना बाई तुम्हाला? मग ऑक्सिजन समजला." त्यांनी सुपाला झटका दिला. "हलकं उडतं, जड मागे राहतं. समुद्राच्या पाण्यात दोन प्रकारचा ऑक्सिजन आहे, हलका १६ आणि जरासा जड १८. ऊन समुद्र पाखडतं. वाफेत हलका जास्त जातो. ती वाफ ध्रुवावर हिम होऊन पडते आणि तिथेच अडकून राहते. मग सुपात काय उरलं?"

"जड."

"म्हणजे जमिनीवर बर्फ जितका जास्त, तितकं समुद्राचं पाणी जड. त्या पाण्यात फोरामिनिफेरा नावाचे बारीक जीव चुन्याची कवचं बांधतात, त्यात तोच ऑक्सिजन घेतात आणि मरून तळाशी जातात. कवच फोडून मोजा, त्या काळी जगात बर्फ किती होता ते कळतं."

१९५५ मध्ये सेझारे एमिलियानी यांनी खोल समुद्राच्या गाभ्यांतली अशी कवचं मोजली, तेव्हा त्यांना वाटलं की हा मुख्यतः समुद्राच्या तापमानाचा आलेख आहे. १९६७ मध्ये निकोलस शॅकल्टन यांनी दाखवलं की यात मोठा वाटा बर्फाच्या आकारमानाचा आहे. आणि १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन या तिघांनी सिद्ध केलं की हिमयुगांची ये-जा पृथ्वीच्या कक्षेच्या आणि आसाच्या तालावर चालते. हे सांगताना सरांचा आवाज चढला. "तुम्हाला माहीत आहे, ते दोन गाभे कुठले होते? दक्षिण हिंदी महासागरातले! आपल्या खालच्या समुद्रातले. हे आपल्या पाठ्यपुस्तकात का नाही?"

खरंच, का नाही?

मी विचारलं, मग एवढं कळलं तर अंटार्क्टिकाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन गाळ काढायची गरज काय? सर म्हणाले, "कवचं एकूण बर्फ किती ते सांगतात. कुठला बर्फ गेला हे सांगत नाहीत. गावात किती धान्य कमी झालं ते कळलं, पण कुणाच्या कणगीतून गेलं?"

त्यांनी दिलेलं उदाहरण मी विसरणार नाही. पूर्व अंटार्क्टिकाच्या विल्क्स प्रदेशासमोर २०१० मध्ये एका मोहिमेने गाभे काढले. त्यात ५३ ते ३३ लाख वर्षांपूर्वीच्या बारीक चिखलाचा रासायनिक ठसा तपासला. गारठ्याच्या काळातला चिखल किनाऱ्याजवळच्या खडकाशी जुळत होता. उबेच्या काळातला जुळत होता तो आत खोलवर, आज बर्फाखाली गाडलेल्या खडकांशी, आपल्या सह्याद्रीसारख्याच लाव्हापासून झालेल्या दगडांशी. म्हणजे त्या काळात बर्फाची कड शेकडो किलोमीटर आत सरकली होती आणि तिथला खडक झिजून समुद्रात येत होता. पूर्वेकडचा बर्फ अढळ आहे असं ज्यांना वाटत होतं, त्यांना एका चिखलाने विचार करायला लावला.

निघताना सरांनी ते सूप मला पुन्हा हातात घेऊन बघायला दिलं. त्यांच्या आईचं होतं.

दिवस चौथा

आज माझ्या हातांनी काम केलं.

दोन चमचे चिखल रात्रभर पाण्यात भिजत ठेवला होता. सकाळी तो चाळणीवर ओतला. जाळी ६३ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा सोळावा भाग. वरून पाण्याची बारीक धार धरायची आणि चाळणी हलकेच फिरवायची. हे काम मला नवीन नव्हतं. नाचणीचं सत्त्व काढताना फडक्यातून असंच गाळतो, हात तोच, धीर तोच. फरक इतकाच की तिथे खाली जातं ते आपल्याला हवं असतं, इथे वर राहतं ते. पाणी स्वच्छ यायला पाऊण तास लागला. वर उरली चिमूटभर वाळू. रांगोळीसुद्धा जास्त जाड असेल.

धुतलेली चाळणी भाचीने निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवली. मेथिलीन ब्ल्यू. जाळीत एखादा कण अडकून राहिला असेल तर तो निळा होतो, आणि पुढच्या नमुन्यात आला तर लगेच ओळखू येतो. "हे मी किंमत मोजून शिकले," ती म्हणाली. दुसऱ्या वर्षी ती काही महिने दुसऱ्या एका ठिकाणी काम करत होती. तिथे चाळण्या सामाईक होत्या आणि निळं पाणी नव्हतं. एके दिवशी तिच्या ध्रुवाकडच्या गाळात एक कवच सापडलं, उष्ण समुद्रात राहणाऱ्या जातीचं. आधी तिला वाटलं, काहीतरी मोठं सापडलं. रात्रभर झोप नाही. मग लक्षात आलं, आदल्या दिवशी त्याच चाळणीतून कुणीतरी अरबी समुद्राचा गाळ धुतला होता. त्यापुढे आपल्या कुठल्याच मोजणीवर तिचा विश्वास बसेना. चाळीस नमुने बाद केले. तीन महिन्यांचं काम.

ताईने हे मला कधी सांगितलं नव्हतं. बहुतेक तिलाही माहीत नसावं.

वाळलेली वाळू काळ्या ताटलीत पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. भाचीने सर्वांत बारीक कुंचल्याचं टोक ओलं करून एकेक कण उचलायचा कसा ते दाखवलं. पहिला अर्धा तास माझा हात थरथरत होता. मग एक कण दिसला आणि बाकी सगळं विसरले. स्वच्छ, पाण्यासारखा पारदर्शक, गारगोटीचा कण. त्याच्या सगळ्या कडा धारदार होत्या. किनाऱ्यावरची वाळू मी रोज बघते, लाटांनी घासून तिचे कोपरे गेलेले असतात. याचे कोपरे शाबूत होते. कुठल्याशा डोंगरातून बर्फाने हा ओरबाडला, बर्फातच गोठून तो समुद्रात आला आणि थेट खाली पडला. वाटेत त्याला कुणी घासलंच नाही.

असे कण मोजायचे. दर काही सेंटिमीटरला एक नमुना, दर नमुन्यात शेकडो कण. कुठे एकदम वाढले तर तिथे हिमनगांची गर्दी झाली. उत्तर अटलांटिकमध्ये असे दगड-वाळूचे थर १९८८ मध्ये हार्टमुट हाइनरिख यांनी ओळखले. पुढे कळलं की उत्तर अमेरिकेवरच्या हिमचादरीतून हिमनगांचे लोंढेच्या लोंढे सुटले होते, त्याच्या त्या खुणा. पण भाचीने लगेच बजावलं, "कण वाढले म्हणजे बर्फ कोसळला, असं एका दमात लिहायचं नाही. हिमनग तेवढेच असतील, पण पाणी उबदार झाल्यामुळे नेमके इथे येऊन वितळले असतील. किंवा प्रवाहाने बारीक माती वाहून नेली आणि मागे वाळूच उरली, असंही असेल." म्हणून ती त्याच नमुन्यातले डायटमही मोजते. समुद्रबर्फाच्या कडेला राहणारी जात वेगळी, मोकळ्या पाण्यातली वेगळी. दोन्ही साक्षी जुळल्या तरच पुढे जायचं.

संध्याकाळी ताई भाजी निवडत होती. म्हणाली, "चार वर्षं हिने वाळूच मोजली का गं?" तिला त्या धारदार कणाचं वर्णन करून सांगितलं. ती ऐकत राहिली. मग लेकीच्या ताटात न विचारता आणखी एक पोळी वाढली.

दिवस पाचवा

भाचीने सुट्टी टाकली आणि आम्ही बोरीला गेलो. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठचं गाव. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव. वाटेत मिसळ खाल्ली, तिखट होती आणि चांगली होती. दूरवर खोडदच्या दुर्बिणींच्या तबकड्या दिसल्या, तिकडे वळलो नाही.

नदीच्या काठावर एका शेतकरी काकांनी वाट दाखवली. "राख बघायला आलात होय? शिकलेली माणसं येतात अधूनमधून." उभ्या काठात काळ्या-तपकिरी मातीच्या मध्ये फिकट, राखाडी-पांढरा पट्टा होता. चिमटीत घेतला तर रांगोळीसारखा, पण जरा टोचरा. ज्वालामुखीची राख, काचेच्या सूक्ष्म कपच्या. आपल्याकडचे ज्वालामुखी कधीच विझलेले. ही राख आली असावी हजारो किलोमीटरवरून, सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीच्या स्फोटांतून. याच काठाच्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडली आहेत.

मला इथे आणायचं कारण भाचीने काठावर बसून सांगितलं. "गाळात काय घडलं हे कळलं तरी कधी घडलं, हे कळत नाही तोवर उपयोग नाही. राख म्हणजे एका दिवसाचा शिक्का. गाभ्यात राखेचा थर मिळाला आणि त्यातल्या आर्गॉन वायूवरून वय काढता आलं की तेवढ्या थराला खिळा ठोकला." रॉस समुद्राच्या त्या लांब गाभ्यालाही असे राखेचे आणि लाव्ह्याचे खिळे आहेत. दुसरा खिळा चुंबकाचा. सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उलटलं. त्याआधी होकायंत्र दक्षिणेकडे वळलं असतं. गाळातल्या बारीक लोहकणांत ती उलटी दिशा थिजून राहिली आहे, आपल्या सह्याद्रीच्या कातळात आणखी जुन्या अशा दिशा थिजल्यात तशीच.

पण बोरीच्या या राखेचं वय किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही म्हणतात टोबाच्या शेवटच्या महास्फोटाची, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची. काहींच्या मोजणीत ती कित्येक लाख वर्षं जुनी निघते. हातात राख, डोळ्यांसमोर थर, आणि तरी इतका फरक! काठाची माती राहून राहून ढळते, नदी जुनी राख उकरून नव्या थरात मिसळते. भाची म्हणाली, "इथे उभं राहून वाद घालता येतो, तरी सुटत नाही. मग तीन किलोमीटर पाण्याखालच्या थराचं वय सांगताना मी किती जपून बोलायला हवं, हे मला इथे आलं की आठवतं." मला तिचा फार अभिमान वाटला. बोलले नाही.

रात्री जेवणं झाल्यावर तिने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. पश्चिम अंटार्क्टिकात थ्वेट्स नावाची प्रचंड हिमनदी आहे. ती पूर्ण गेली तर जगभरचा समुद्र सुमारे ६५ सेंटिमीटर चढेल, आणि तिच्यामागून पश्चिमेकडचा बाकीचा बर्फ सुटला तर तीन मीटरच्या वर. तिच्यासमोरच्या तळावर २०१९ मध्ये रान नावाचं बिनमाणसाचं यंत्र फिरवून, सुमारे ७०० मीटर खोलीवर, तळाचा नकाशा काढला. चित्रात एकमेकांना समांतर बारीक वरंबे होते, दीडशेच्या वर. कुठे वीतभर उंच, कुठे अर्ध्या मीटरच्या वर.

"हे कशाने झालं असेल, सांग."

मी चित्र मोठं करून पाहिलं. वरंब्यांची उंची एकसारखी नव्हती. काही ओळी ठळक, मग हळूहळू बारीक, मग पुन्हा ठळक. हा चढ-उतार मी लहानपणापासून पाहते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती. किनाऱ्यावर भरतीने टाकलेल्या काडीकचऱ्याच्या रेघा अशाच पुढे जातात आणि मागे येतात.

"भरती," मी म्हटलं. "उधाण आणि भांग."

भाची माझ्याकडे बघतच राहिली.

तसंच आहे ते. हिमनदीची कड जिथे तळाला टेकते तिथे भरतीला बर्फ किंचित उचलला जातो आणि ओहोटीला खाली बसतो. बसताना खालचा मऊ गाळ दाबून एक वरंबा उठतो. दुसऱ्या दिवशी कड थोडी मागे हटलेली, म्हणून पुढचा वरंबा थोडा मागे. आमच्याकडे दिवसात दोन भरत्या येतात, तिकडे बहुधा एकच. म्हणून एक वरंबा म्हणजे एक दिवस. बोरीच्या राखेत लाखांचा गोंधळ, आणि इथे गाळाने एकेक दिवस वेगळा ठेवलेला! मोजल्यावर निघालं की गेल्या दोनशे वर्षांत कधीतरी, साडेपाच महिने, ती कड वर्षाला २.१ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने मागे हटत होती. गेल्या काही वर्षांत उपग्रहांनी तिथे मोजलेल्या वेगाच्या साधारण दुप्पट. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी नॉर्वेसमोरच्या तळावरचे हजारो वरंबे मोजून झाले, मागच्या हिमयुगाच्या शेवटी उठलेले. तिथे काही सपाट जागी बर्फाची कड दिवसाला ६०० मीटरपर्यंत मागे गेली होती. एका दिवसात.

"म्हणजे बर्फ इतक्या वेगाने जाऊ शकतो हे कुणी पाहिलंच नव्हतं?"

"कुणीच नाही. तो नकाशा काढणारं रानही २०२४ मध्ये दुसऱ्या एका तरंगत्या बर्फाखाली गेलं आणि परत आलं नाही."

झोप लागेना. २० हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशेक मीटर खाली होता. आमच्या हर्णैचा किनारा तेव्हा पश्चिमेला शंभरेक किलोमीटर तरी पुढे असणार, आज ट्रॉलर जाळी सोडतात त्याच्याही पलीकडे. सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबेत तो आजच्यापेक्षा ६ ते ९ मीटर वर होता. बंदरावर मासळीचा लिलाव होतो ती वाळू, त्यामागची घरं, त्या मुलीचं घर, सगळं मी मनातल्या मनात नऊ मीटरने मोजत गेले.

दिवस सहावा

सकाळची गाडी. ताईने डब्यात बाकरवडी भरली. भाचीने एक लहानशी खोकी दिली, कापसात गुंडाळलेली काचपट्टी. नमुना देता येत नाही, पण ही मोजणीतून बाद झालेली पट्टी होती, काचेखाली हवेचे बुडबुडे राहिल्यामुळे. "डायटम मात्र चांगले दिसतात. चारशे पटीने मोठं करणारा सूक्ष्मदर्शक आहे ना शाळेत? होडीसारखा लांबट दिसेल, आडव्या रेघांचा. मोकळ्या पाण्यातला."

ताम्हिणीत ऊन पडलं होतं. खोकी मांडीवर धरून बसले, पिशवीत ठेवायचा धीर झाला नाही.

दापोलीला पोहोचल्यावर घरी जाण्याआधी शाळेत गेले. शिपाईकाकांकडून प्रयोगशाळेची किल्ली घेतली, सूक्ष्मदर्शक खाली काढला, आरसा पुसला आणि पट्टी लावून पाहिली. सहाव्या-सातव्या जागी बुडबुड्याच्या कडेला ती होडी दिसली. आडव्या रेघाही मोजता आल्या.

काच पुन्हा कापसात ठेवली. दिनदर्शिका पाहिली. शाळा सोमवारी उघडते, आणि त्याच आठवड्यात पौर्णिमा आहे. उधाण असेल. आठवीला त्या संध्याकाळी किनाऱ्यावर नेण्यासाठी मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला आणि टेबलावर ठेवून आले.